युरोपातील विद्यापीठांच्या युती : विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागते?

वाईकर

नमस्कार. माझ्या भाचीला रेणवीय जीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी जर्मनीतील फ्रायबुर्ग आणि हायडेलबर्ग या दोन्ही विद्यापीठांकडून प्रवेशपत्र आले आहे. दोन्ही बाडेन-व्युर्टेंबर्ग या एकाच राज्यात असल्यामुळे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला भरावे लागणारे १,५०० युरो दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि अभ्यासक्रमही तोलामोलाचे दिसतात. निवड अडली आहे ती वेगळ्याच मुद्द्यावर.

फ्रायबुर्ग सांगते की ते 'युकॉर' या जाळ्यात आहे, ज्यात स्वित्झर्लंडचे बाझेल, फ्रान्समधील स्ट्रासबूर व मुलूझ आणि जर्मनीतील कार्ल्सरूह ही विद्यापीठे आहेत. हायडेलबर्ग सांगते की ते 'फोर-ईयू-प्लस' या युतीत आहे आणि तिथे पॅरिस, प्राग, वॉर्सा, कोपनहेगन, मिलान, जिनिव्हा अशी यादी आहे. भाची म्हणते, "मामा, एका पदवीत इतके देश!" मी तीस वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे माहितीपत्रक आणि करारपत्र यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे.

माझा प्रश्न साधा आहे. या युतीतल्या दुसऱ्या विद्यापीठात जाऊन विद्यार्थ्याला खरोखर वर्गात बसता येते का, परीक्षा देता येते का, आणि मिळालेली क्रेडिट परत आपल्या गुणपत्रिकेवर येतात का? की हा सगळा कुलगुरूंच्या छायाचित्रांचा कार्यक्रम आहे? निवड करताना याला किती वजन द्यावे?

खडूस

माहितीपत्रकावर जितकी बोधचिन्हे जास्त, तितकी वसतिगृहाची खोली लहान, असा माझा अनुभव आहे. आता जाणकार येतीलच, तोवर मी चहाचे आधण ठेवतो.

तळटीप

वाईकर, आपण विचारलेल्या दोन जाळ्यांची जातकुळीच वेगळी आहे, त्यामुळे आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

युरोपात विद्यापीठांचे संघ पूर्वीपासून आहेत. १९८५ मध्ये सुरू झालेला कोइंब्रा गट किंवा २००२ मध्ये बारा संशोधन-विद्यापीठांनी स्थापन केलेला 'लेरू' हे मुख्यतः कुलगुरूंचे मंच आहेत. ते ब्रुसेल्समध्ये विद्यापीठांची बाजू मांडतात, आणि सामान्य विद्यार्थ्याला ते असल्याचा पत्ताही नसतो. दुसरा प्रकार सीमेवरच्या शेजाऱ्यांचा. युकॉर त्यातलेच. १९८९ मध्ये ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यातील विद्यापीठांनी ते सुरू केले आणि २०१५ मध्ये त्याला 'प्रादेशिक सहकार्याचा युरोपीय गट' या प्रकारची कायदेशीर ओळख मिळाली. ही सोय मुळात सीमेवरच्या नगरपालिका आणि प्रांत यांच्यासाठी होती. केवळ विद्यापीठांनी मिळून ती वापरल्याचे हे पहिलेच उदाहरण. सार, लोरेन, लक्झेंबर्ग, लिएज, ट्रियर या पट्ट्यातही असेच एक जाळे २००८ पासून आहे.

तिसरा प्रकार म्हणजे आज ज्यांना 'युरोपीय विद्यापीठ युती' म्हणतात त्या. २६ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी सोरबोनमधील भाषणात ही कल्पना मांडली आणि त्याच डिसेंबरात युरोपीय संघाच्या राष्ट्रप्रमुखांनी २०२४ पर्यंत अशा सुमारे वीस युती व्हाव्यात असे ठरवले. २०१९ च्या पहिल्या निवडीत १७ युती आणि ११४ संस्था होत्या, फोर-ईयू-प्लस त्यांतलीच एक. पुढच्या वर्षी २४ युतींची भर पडली. २०२४ पर्यंत हा आकडा ६४ वर आणि संस्थांची संख्या साडेपाचशेच्या पुढे गेली. वीस मागितल्या आणि साठाहून अधिक झाल्या, यात यश किती आणि कुणालाच नाही न म्हणण्याचा सरकारी स्वभाव किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक गोष्ट माहितीपत्रकात भाचीच्या नजरेतून सुटली असावी. फ्रायबुर्गसुद्धा या तिसऱ्या प्रकारात आहे. युकॉरमधील स्ट्रासबूर, मुलूझ, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह यांनी अ‍ॅमस्टरडॅम, पोझनान, थेसालोनिकी वगैरे ठिकाणच्या विद्यापीठांना सोबत घेऊन 'एपिकूर' नावाची युती उभी केली आणि तीही २०१९ मध्येच निवडली गेली.

ऱ्हाइनकाठ

मी अकरा वर्षे फ्रायबुर्गजवळ राहते आणि युकॉरचा लाभ स्वतः घेतला आहे, म्हणून ऐकीव नव्हे तर प्रत्यक्षातले लिहिते.

होय, वर्गात बसता येते. फ्रायबुर्गला नाव नोंदवलेले असेल तर बाझेल किंवा स्ट्रासबूर इथे वेगळे शिक्षणशुल्क न भरता व्याख्यानांना जाता येते, ग्रंथालय वापरता येते, परीक्षा देता येते. क्रेडिट परत येतात, मात्र जाण्यापूर्वी आपल्या विभागाच्या समन्वयकाची 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'वर (बाहेर कोणते विषय घेणार याच्या करारपत्रावर) सही घेतलेली असली पाहिजे. सही नंतर मागणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे.

अडचण निघते ती वेळापत्रकात. स्ट्रासबूरचे वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतात, बाझेलचे सप्टेंबरच्या मध्यावर, आणि फ्रायबुर्गची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर. म्हणजे जर्मन विद्यार्थी वहीचे पहिले पान उघडतो तेव्हा फ्रान्समध्ये दीड महिन्याचा अभ्यास होऊन गेलेला असतो. उलट डिसेंबरात फ्रेंच परीक्षा उरकतात आणि जर्मन परीक्षा फेब्रुवारीत येतात. मी स्ट्रासबूरचा एक विषय घेतला त्या वर्षी सप्टेंबरात मला सुट्टी अशी मिळालीच नाही, पण डिसेंबरात एक परीक्षा डोक्यावरून उतरली याचे समाधानही होते.

दुसरी गोष्ट प्रवासाची. बाझेल गाडीने पाऊण-एक तासावर आहे. स्ट्रासबूरला जाताना ओफेनबुर्ग इथे गाडी बदलावी लागते आणि दीड तास सहज जातो. नकाशात कोल्मार फ्रायबुर्गच्या अगदी समोर दिसते, पण ब्राइझाख इथला ऱ्हाइनवरचा रेल्वेपूल १९४५ मध्ये उद्ध्वस्त झाला तो झालाच, आणि आजही तिथून बसने जावे लागते. २०१९ च्या आखेन करारात फ्रान्स आणि जर्मनीने हा लोहमार्ग पुन्हा जोडण्याचा उल्लेख केला आहे. विद्यापीठे १९८९ मध्ये जोडली गेली, रूळ अजून जोडायचे आहेत.

खडूस

ऱ्हाइनकाठ, शेवटचे वाक्य कोकण रेल्वेच्या आधीच्या पिढीला वाचून दाखवायला हवे होते.

निवृत्त_मास्तर

या भागाचा एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्यांच्या नावाने युरोपची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना ओळखली जाते, ते इरॅस्मस बाझेलमध्ये राहत होते. तिथे धर्मसुधारणेचा जोर झाल्यावर १५२९ मध्ये ते फ्रायबुर्गला आले, सहा वर्षे राहिले, परत बाझेलला गेले आणि १५३६ मध्ये तिथेच वारले. त्यांची समाधी बाझेलच्या मुख्य चर्चमध्ये आहे. म्हणजे युकॉरचा पहिला लाभार्थी युकॉरच्या साडेचारशे वर्षे आधी होऊन गेला, आणि त्याला भाषेची अडचण आली नाही, कारण त्या काळी सगळीकडे लॅटिनच चालत असे. बोलोन्याचा विद्यार्थी पॅरिसला गेला तर त्याला भाषेची परीक्षा द्यावी लागत नसे. आज ज्याला आपण नवी कल्पना म्हणतो, ते बरेचसे राष्ट्र-राज्यांनी मधल्या काळात बांधलेल्या भिंतींना दारे पाडण्याचे काम आहे.

विएन्नाहून

मास्तरांच्या गोष्टीला कडवट जोड देतो. ज्या देशात इरॅस्मस पुरले आहेत, तोच देश २०१४ मध्ये इरॅस्मस योजनेतून बाहेर पडला. त्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमध्ये स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या बाजूने सार्वमत गेले, वाटाघाटी थांबल्या, आणि स्विस सरकारला स्वतःच्या तिजोरीतून देवाणघेवाणीची वेगळी सोय करावी लागली. स्विस विद्यापीठे युतींमध्ये आली ती सहयोगी म्हणून, युरोपीय निधीविना. ब्रिटन २०२१ पासून इरॅस्मसबाहेर गेले, तरी एडिनबरा 'उना युरोपा' या युतीत टिकून राहिले.

आमच्या शेजारी हंगेरीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या सरकारने बरीच सार्वजनिक विद्यापीठे विश्वस्त मंडळांकडे सोपवली. त्या मंडळांवर सत्ताधाऱ्यांची माणसे बसली आहेत, असा आक्षेप घेऊन डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने अशा संस्थांशी नवे आर्थिक करार करायला मनाई केली. त्यामुळे इरॅस्मस आणि संशोधननिधी दोन्हींचे दार लागले. निर्णय सरकारचा आणि खोळंबा विद्यार्थ्यांचा. त्याआधी मध्य युरोपीय विद्यापीठाला बुडापेस्ट सोडून आमच्या व्हिएन्नाला यावे लागले होते, आणि ते आज 'सिविका' युतीत आहे. सांगायचे इतकेच की युतीचा सदस्य कोण, हे प्रवेशाच्या दिवशी जे असते ते पदवीच्या दिवशी असेलच असे नाही.

प्राची_म

वाईकर काका, मी अशा एका युतीत दोन वर्षे होते. विद्यापीठाचे नाव घेत नाही. मी जर्मनीत शिकत होते आणि युतीतल्या फ्रेंच भागीदाराकडे एक सत्र गेले होते. तिथले शिक्षण उत्तम होते, माणसे त्याहून चांगली होती. परत आल्यावर मात्र रडू यायचे बाकी राहिले.

फ्रान्समध्ये गुण वीसपैकी देतात. मला एका विषयात १४ मिळाले. तिथल्या प्राध्यापिकांनी माझे अभिनंदन केले, कारण वर्गात माझा दुसरा क्रमांक होता आणि १४ ला तिथे 'उत्तम' असा शेरा मिळतो. जर्मनीत आल्यावर त्या १४ चे झाले २.८. जर्मन पद्धतीत १ म्हणजे सर्वोत्कृष्ट आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की २.८ म्हणजे 'समाधानकारक', म्हणजे आपल्याकडे 'बरे आहे' म्हणतात तसे. मी कार्यालयात विचारले तर मला एक सूत्र दाखवण्यात आले आणि सूत्रासमोर कुणाचे काही चालत नाही, असे सौम्य शब्दांत सांगण्यात आले.

हिशेबनीस

प्राची यांना दाखवलेले सूत्र म्हणजे सुधारित बव्हेरियन सूत्र. भारतातून जर्मनीत अर्ज केलेल्या प्रत्येकाला ते पाठ असते, पण धाग्यावर येणाऱ्या इतरांसाठी मांडतो. सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. फ्रान्समध्ये सर्वोच्च २०, उत्तीर्ण १०, आपले १४. म्हणजे ६ भागिले १०, गुणिले ३, अधिक १, बरोबर २.८. गणित अचूक आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. सूत्र असे गृहीत धरते की फ्रान्समध्ये कुणाला तरी २० मिळतात. तिथे २० देणारा परीक्षक शोधायला गेलात तर सत्र संपेल.

इटलीत तीसपैकी गुण देतात आणि खुश झाले तर तिसावर मानाचा शेरा चढवतात. डेन्मार्कच्या मोजपट्टीत १२ हा सर्वोच्च आणि उणे ३ हा सर्वांत खालचा गुण आहे. परीक्षेला बसल्याबद्दल विद्यार्थ्यालाच तीन गुणांचे देणे लागावे, ही कल्पना मला वैयक्तिकरीत्या फार आवडते.

यावर उपाय आहे. संबंधित विषयात मागच्या काही वर्षांत कोणत्या गुणांवर किती टक्के विद्यार्थी आले, याची वारंवारता-सारणी दोन्ही विद्यापीठांनी एकमेकांना द्यायची आणि स्थानावरून गुण ठरवायचे. युरोपीय क्रेडिट पद्धतीच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत हीच शिफारस आहे. प्राची, तुम्ही ती सारणी मागितली होती का?

प्राची_म

मागितली. फ्रेंच विद्यापीठाने दोन दिवसांत पाठवली. आमच्या परीक्षा-कार्यालयाने ती स्वीकारायला सात आठवडे घेतले, पण शेवटी गुण बदलले. त्या सात आठवड्यांत मी एका शिष्यवृत्तीच्या अर्जावर २.८ लिहून बसले होते.

आणखी एक आठवण, जरा हलकी. आमच्या युतीचा एक ऑनलाइन विषय तीन देशांतले विद्यार्थी मिळून घेत होते. जर्मन विद्यापीठांत दहाचे व्याख्यान सव्वादहाला सुरू होण्याची 'कुम टेम्पोरे' नावाची जुनी प्रथा आहे, पंधरा मिनिटे गृहीतच धरलेली असतात. फ्रेंच प्राध्यापकांनी दहाच्या ठोक्याला सुरुवात केली. सव्वादहाला जर्मनीतले आम्ही एकोणीस जण एकदम पडद्यावर अवतरलो. त्यांना वाटले की आमच्याकडची वीज गेली होती.

खडूस

पंधरा मिनिटे उशिरा येण्याला अधिकृत मान्यता देणारा देश आणि त्याला आपण वक्तशीर म्हणतो. आमच्या महाविद्यालयात हे सर्रास चालत होते, फक्त आम्हाला त्याचे लॅटिन नाव माहीत नव्हते.

हिशेबनीस

पैशांचेही बोलू या. २०१९ मध्ये एका युतीला तीन वर्षांसाठी कमाल ५० लाख युरो होते. नंतर ते चार वर्षांसाठी कमाल १ कोटी ४४ लाख युरोपर्यंत वाढले. ऐकायला मोठे आहे. समजा युतीत नऊ विद्यापीठे आहेत. वर्षाला ३६ लाख, म्हणजे प्रत्येक विद्यापीठाला ४ लाख. त्या विद्यापीठात ४०,००० विद्यार्थी असतील, तर प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला १० युरो. विद्यापीठाच्या भोजनगृहात दोन-तीन जेवणे होतील एवढी ही रक्कम आहे. आणि २०१९ च्या मूळ आवाहनात उद्दिष्ट काय ठेवले होते, तर युतीतल्या निम्म्या विद्यार्थ्यांना देवाणघेवाणीचा लाभ मिळावा. मग साहजिकच ऑनलाइन बसलेल्या विद्यार्थ्यालाही 'गेलेला' धरावे लागते.

तळटीप

हिशेबनीस, आकडेमोड बरोबर आहे, पण भागाकार चुकीच्या पदार्थाचा केलात. तो पैसा विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी नसतोच, प्रवासाची शिष्यवृत्ती इरॅस्मसच्या वेगळ्या खात्यातून येते. युतीचा निधी जातो समन्वय कार्यालये, संयुक्त अभ्यासक्रमांची आखणी, संगणक-प्रणालींची जोडणी आणि वकील यांवर. वकील म्हटल्यावर खडूस खुश होतील, पण ते का लागतात हे सांगतो.

युतींचे खरे स्वप्न एकत्र पदवीचे आहे. चार विद्यापीठांनी मिळून शिकवायचे आणि एकच प्रमाणपत्र द्यायचे. बोलोन्याच्या १९९९ च्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी सह्या केल्या, पदव्यांच्या पायऱ्या सारख्या केल्या, वर्षाला ६० क्रेडिट हे माप रुळले. पण पदवीला मान्यता देण्याचा अधिकार प्रत्येक देशाने स्वतःच्याच खिशात ठेवला. एका देशात प्रत्येक अभ्यासक्रमाची स्वतंत्र तपासणी होते, दुसऱ्यात पूर्ण विद्यापीठाला एकदाच मान्यता मिळते, तिसऱ्यात प्रमाणपत्राचा मजकूर सरकार ठरवते. त्यामुळे एकच अभ्यासक्रम चार वेळा, चार नियमांनी, चार भाषांत तपासला जातो. २०१५ मध्ये येरेवान इथे मंत्र्यांनी संयुक्त अभ्यासक्रमांसाठी एकच तपासणी पुरेशी मानण्याचा मार्ग मंजूर केला, पण सर्व देशांनी आपले कायदे त्याप्रमाणे बदलले नाहीत. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने 'युरोपीय पदवी'चा आराखडा मांडला. सध्या त्याची पहिली पायरी म्हणजे अशा अभ्यासक्रमाला एक सामायिक शिक्का देणे, एवढीच आहे.

मला वाटते की कंटाळवाणे, कुणाला न दिसणारे हे काम कुणीतरी करायलाच हवे होते, आणि युती झाल्या म्हणून ते होऊ लागले. प्राचींची वारंवारता-सारणी दोन दिवसांत आली, तीही अशाच कुठल्या तरी कार्यालयातून आली असणार.

हिशेबनीस

मान्य. माझा भागाकार मागे घेतो, सात आठवडे मात्र घेणार नाही.

माल्म्योकर

इथे चर्चेचा रोख असा दिसतो की शेजारची विद्यापीठे असली की जाळे चालते आणि लांबची असली की ते कागदावर राहते. मी स्वीडनच्या माल्म्यो शहरात राहतो आणि या समजुतीला माझा आक्षेप आहे. इथे समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे कोपनहेगन दिसते. २००० मध्ये ओरेसुंद पूल झाला, गाडी अर्ध्या तासात पोहोचते, डॅनिश आणि स्वीडिश वाचणाऱ्याला एकमेकांची भाषा बऱ्यापैकी समजते. दोन्ही किनाऱ्यांवरील विद्यापीठांनी मिळून 'ओरेसुंद विद्यापीठ' नावाचा संघ केला होता आणि सीमापार सहकार्याचे उदाहरण म्हणून त्याचे नाव सगळीकडे घेतले जाई. २०१० नंतर दोन-तीन वर्षांतच तो गुंडाळला गेला. सदस्य विद्यापीठांनी अंग काढून घेतले आणि खाली राहिले ते प्राध्यापकांचे आपापसातले संबंध. औषधनिर्माण आणि जीवशास्त्रातील संशोधन दोन्ही किनाऱ्यांवर आजही जोमाने चालते, पण त्याला त्या छत्रीची गरज उरली नाही.

म्हणजे पूल आहे, भाषा आहे, अंतर नाही, तरी संघ टिकला नाही. उलट ऱ्हाइनकाठ सांगतात तिथे रूळ तुटलेले आहेत आणि जाळे पस्तीस वर्षे चालू आहे. याचे कारण काय असावे?

ऱ्हाइनकाठ

माझ्या समजुतीप्रमाणे कारण एका नियमात आहे. इथे शुल्क कुणी कुणाला द्यायचे हा वादच ठेवलेला नाही. विद्यार्थी ज्याचा, शुल्क त्याचे, आणि पाहुण्याला वर्गात बसू द्यायचे. दुसरे म्हणजे काही अभ्यासक्रम मुळातच तीन देशांत विभागून आखलेले आहेत. स्ट्रासबूरची जैवतंत्रज्ञान शाळा फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या विद्यापीठांनी मिळून उभी केली आणि तिथे विद्यार्थी फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या तीन भाषांत शिकतात. असा एखादा अभ्यासक्रम चालू असला की कार्यालयांना एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक पाठ होतात.

इथल्या लोकांना सीमा ही रोजची गोष्टही वाटते. २०१७ पासून स्ट्रासबूरची ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केहलला जाते. बाझेलची आठ क्रमांकाची ट्राम जर्मनीत वाइल गावापर्यंत जाते आणि तीन क्रमांकाची फ्रान्समध्ये सां-लुईपर्यंत. एकाच गावातून तिन्ही देशांत ट्रामने जाता येते.

पण गुलाबी चित्र उभे करायचे नाही. १६ मार्च २०२० रोजी साथीमुळे जर्मनीने फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमांवर अडवणूक सुरू केली तेव्हा माझी मैत्रीण एका विषयाच्या टिपणवह्या स्ट्रासबूरच्या खोलीत ठेवून फ्रायबुर्गला आली होती. त्या वह्या तिला उन्हाळ्यात मिळाल्या. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. डब्यात पोलीस येतात आणि, स्पष्टच लिहिते, आपल्या रंगाच्या माणसाकडे आधी वळतात. भाचीला सांगा की निवास परवान्याचे कार्ड आणि पारपत्र दोन्ही जवळ हवेत. भ्रमणध्वनीतले छायाचित्र दाखवून भागत नाही.

वाईकर

सर्वांचे मनापासून आभार. भाची धागा वाचते आहे, पण लिहायला लाजते. तिचा प्रश्न असा, की तिचा जर्मन परवाना फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये चालेल का?

तळटीप

आठवड्यातून एक-दोन दिवस वर्गाला जाऊन परत यायचे असेल तर चालतो. जर्मन निवास परवान्यावर शेंगेन क्षेत्रातील (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे. पूर्ण सत्र फ्रान्समध्ये राहायचे असेल तर २०१६ च्या संघाच्या निर्देशानुसार, दोन विद्यापीठांमधील कराराखाली शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत जाता येते, मात्र आधी सूचना द्यावी लागते. स्वित्झर्लंडला आणि डेन्मार्कला हा निर्देश लागू नाही. फोर-ईयू-प्लसमधील कोपनहेगनला पूर्ण सत्र जायचे झाल्यास वेगळा डॅनिश परवाना लागेल, हे हायडेलबर्गचा विचार करताना ध्यानात असू द्या.

भाचीला 'सहा देशांची पदवी' याचेच आकर्षण असेल तर तिने इरॅस्मस मुंडुसचे अभ्यासक्रमही पाहायला हवे होते. ते २००४ पासून चालू आहेत, त्यांत दोन-तीन देशांत शिकणे सक्तीचेच असते, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात. युतीत फिरणे ऐच्छिक असते, आणि ऐच्छिक गोष्ट एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात प्रबंध सुरू झाला की मागे पडते.

निवृत्त_मास्तर

हायडेलबर्गच्या बाजूने कुणी बोलले नाही म्हणून मी एक शब्द टाकतो. खंडोबा आणि धनगर समाज यांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर त्याच विद्यापीठात शिकवत होते. भाचीच्या पेशी-रेणूंशी याचा संबंध नाही हे मला कळते, पण जेजुरीला जाऊन आलेल्या प्राध्यापकाचे गाव अगदीच परके म्हणता येणार नाही.

प्राची_म

मास्तर, हा मुद्दा कुठल्याच माहितीपत्रकात सापडला नसता.

वाईकर काका, माझा सल्ला असा. युतीचे नाव बाजूला ठेवून भाचीने दोन्ही विभागांच्या समन्वयकांना एकच प्रश्न लिहावा : मागच्या दोन वर्षांत आपल्या एम.एस्सी.च्या किती विद्यार्थ्यांनी भागीदार विद्यापीठात विषय घेतला, आणि कोणता? विषयाचे नाव सांगता आले तर जाळे जिवंत आहे. उत्तरात संकेतस्थळाचा दुवा आला तर नाही.

वाईकर

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. प्राचींनी सुचवलेला प्रश्न भाचीने दोन्हीकडे पाठवला. दोन्हीकडून माणसांनी लिहिलेली, सभ्य उत्तरे आली. हायडेलबर्गच्या बाईंनी मोकळेपणाने सांगितले की दुसऱ्या वर्षी विद्यार्थी प्रयोगशाळेत गुंतलेले असतात, त्यामुळे बाहेर जाणारे बहुतेक उन्हाळी शिबिरांना किंवा प्रबंधाच्या काही महिन्यांसाठी जातात. फ्रायबुर्गहून स्ट्रासबूरच्या एका प्रात्यक्षिकाचे नाव आले. ते सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत सलग होते, म्हणजे फ्रायबुर्गचे वर्ग सुरू होण्यापूर्वी. ज्या वेळापत्रकाला ऱ्हाइनकाठ अडचण म्हणाल्या होत्या, त्याच्याच फटीत ते बसवले आहे. सोबत एक अट होती, की प्रात्यक्षिकाच्या सूचना फ्रेंचमध्ये असतात.

भाचीने फ्रायबुर्ग घेतले. मुख्य कारण तिथल्या एका संशोधनगटाचे काम तिला आवडले हे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो; युतीचे वजन मी शंभरात पंधरा धरले होते, ती वीस म्हणते. गेल्या सोमवारपासून ती पुण्यात आल्याँस फ्राँसेजच्या वर्गाला जाऊ लागली आहे.

खडूस

म्हणजे इतक्या युतींची चिकित्सा करून शेवटी मुलीचे नाव आणखी एका युतीतच घातले. फ्रेंचमध्ये 'आल्याँस'चा अर्थ तोच ना?

वाईकर

तोच. पावती माझ्या नावाने फाडली आहे.

ऱ्हाइनकाठ

भाचीला सांगा की खोलीचा अर्ज आजच करावा, नोंदणी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. आणि ब्राइझाखहून कोल्मारला जाणाऱ्या बसचे वेळापत्रक रविवारी वेगळे असते. मी एकदा तिथे पुलाच्या अलीकडे दोन तास बसले होते.